घुमानला जायचंच आहे, तर महाशिवरात्रीनंतर

नाशिक,
चंपाषष्ठी

तीर्थरूप आबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

आबांनी बुलेटवरून पंजाबातल्या घुमानला जायचं, हा विषय फोनवर पुढे सरकत नाही. आबा फोन स्पीकरवर टाकतात, मी 'घुमान' म्हटलं की आवाज चढवून रूट सांगायला लागतात, आणि आई, तू मागून "जाऊ दे गं, त्यांना कोण अडवणार" एवढंच म्हणतेस. म्हणून कागद घेतलाय. आबांनी चष्मा लावून हे आईला मोठ्याने वाचून दाखवावं. मधली वाक्यं गाळायची नाहीत.

आधी दादाचं. त्याचं म्हणणं तुम्हाला ठाऊक आहे: सत्तरीला आलेल्या माणसाने दोन हजार किलोमीटर बुलेट हाकायची म्हणजे वेडेपणा, गाडी विकून टाका, जुन्या बुलेटला आता पैसेही चांगले येतात. हे मी तुमच्या गळी उतरवावं अशी त्याची अपेक्षा आहे. मी उतरवणार नाही. गाडी गेली की आबा दिवसभर ओसरीवर बसून माजी सैनिकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड करत बसतील, आणि तसले आबा आईला आठवडाभरसुद्धा सोसायचे नाहीत.

शिवाय ती गाडी काही हौसेने शिकलेली नाही. बेळगावच्या मराठा सेंटरमधून पलटणीत गेलात, सिग्नल प्लाटूनमध्ये डीआर, म्हणजे डिस्पॅच रायडर, झालात आणि डाकेची थैली पाठीला लावून फौजेच्या हिरव्या बुलेटवर हात बसला. फौजेला हवी होती म्हणूनच ही गाडी १९५५ मध्ये मद्रासला जुळवायला सुरुवात झाली, हे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागतं. (दादाच्या सासऱ्यांना तर साखरपुड्यातच.) नंतर स्वतःची घेतलीत तीही तसलीच, उजव्या पायाला गिअर, डाव्याला ब्रेक. किक मारण्याआधी ॲमीटरचा काटा मधोमध आणायचा, डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जरा पुढे काढायचा आणि मग एकच किक. दादाला हे कधीच जमलं नाही. मला जमलं, आणि तेव्हापासून मुलगी असून गावात मला 'सुभेदाराचा धाकटा' म्हणतात.

घुमानचं खूळ कुठून आलं तेही मला माहीत आहे. वर सियाचीनच्या पोस्टवर तुमच्याबरोबर बटाल्याकडचे सरदारजी काका होते. ग्लेशियरवर चढण्याआधी सगळ्यांनी ओपी बाबांना, म्हणजे तिथल्या जवानांच्या देवाला, रिपोर्ट द्यायचा, उतरलं की परत द्यायचा. मग तो मराठा असो, शीख असो की मद्रासी. तिथेच काकांनी तुम्हाला विचारलं होतं, "तू बाबा नामदेवांच्या मुलखातला ना?" आणि तुम्ही थक्क. पंढरपूरचे आपले नामदेव पंजाबात जाऊन राहिले, घुमान गाव त्यांच्यामुळे वसलं असं तिकडची माणसं मानतात, गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत, हे तुम्हाला पहिल्यांदा कळलं ते बर्फात, एका शिखाकडून. २०१५ मध्ये घुमानला ८८वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा तुम्ही निघायच्या तयारीत होतात आणि दादाचं लग्न आडवं आलं. ते राहून गेलेलं आता पुरं करायचंय. काकाही आता थकलेत. जायलाच हवं.

पण आबा, तारीख चुकलीय. "माघात तिथे नामदेवबाबांचा मेळा असतो, माघात पोचतो" असं तुम्ही म्हणता आणि कालनिर्णय उघडून फेब्रुवारी धरता. पंजाबातले महिने सूर्यावर चालतात. त्यांचा माघ संक्रांतीच्या दिवशी लागतो आणि मेळा त्याच्या लगेच दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या पौषातच. त्या मेळ्याला पोचायचं तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घर सोडावं लागेल आणि हरियाणा-पंजाबातून जाताना ऐन धुक्यात सापडाल. ते धुकं तुम्ही रेल्वेतून पाहिलंय, गाड्या आठ-आठ तास उशिरा आणणारं. दुचाकीवरून पाहिलेलं नाही. पुढच्या ट्रकचा लाल दिवा दिसेपर्यंत तुम्ही त्याच्या मागच्या फळीला टेकलेले असाल, आणि तुमच्या मागचा तुमच्या. सहा व्होल्टच्या त्या पिवळ्या दिव्याबद्दल मी काही बोलत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की मेळा सोडा, जागा गाठा. महाशिवरात्र झाली की निघा. शिव शिव म्हणत थंडी गेलेली असते, धुकं विरलेलं असतं, राजस्थानात ऊन अजून तापलेलं नसतं आणि पंजाबात गहू हिरवा उभा असतो. आठ-नऊ दिवसांत पोचाल, दोन दिवस काकांकडे राहाल आणि तुकाराम बीजेच्या आत घरी. बीज चुकली तर आई देहूचा राग आयुष्यभर तुमच्यावर काढेल.

रस्ताही मी काढलाय, आणि या बाबतीत तुम्ही माझं कौतुक करायला हवं. तुमच्या डोक्यात तो जुना आग्रा रोड आहे: इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, अंबाला. दिल्लीकडे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीचं काय चाललंय ते पेपरात वाचता ना? तुमच्या शहाऐंशीच्या गाडीला तिकडे फिरकवूच नका. सोलापूरवरून राष्ट्रीय महामार्ग ५२ जातो. तो तुळजापूर, बीड, संभाजीनगर, कन्नडचा घाट, धुळे, सेंधवा, इंदूर, कोटा, बुंदी, जयपूर, सीकर, चुरू, हिसार करत थेट पंजाबात संगरूरला टेकतो. पुढे लुधियाना, जालंधर. पंढरपुरात नामदेव पायरीला हात लावून निघालात की संध्याकाळी तुळजापूरला भवानीच्या पायाशी मुक्काम. महू, कोटा, जयपूर, हिसार इथे छावण्या आहेत, ओळखी निघतील, नाही निघाल्या तर तुम्ही काढाल.

रोज अडीचशे किलोमीटर, त्यावर एकही नाही. साठच्या वर काटा न्यायचा नाही. ते ओतीव लोखंडाचं इंजिन तापलं की काय करतं हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्या मिस्त्रीने मला सांगितलंय की हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुन्या गाड्यांचे पाइप आणि कार्बोरेटरची रबरं लवकर जातात. तेव्हा ती नवी टाका आणि एकेक जोड बरोबर घ्या. प्लग, पॉइंट, क्लचची नि ॲक्सिलरेटरची केबल तुमच्या पेटीत असतातच.

आता खरं बोलायचंय ते आईबद्दल.

आई, तू कधी तक्रार केली नाहीस म्हणून ती नव्हती असं नाही. आबा ग्लेशियरवर होते तेव्हा 'द्वारा ५६ एपीओ' असा फौजेच्या टपालाचा पत्ता घालून तू पत्रं टाकायचीस, आणि उत्तर येईपर्यंत तू आणखी दोन टाकलेली असायचीस. माणूस धड उतरला तर वारी धरीन असं तू तेव्हा बोलली होतीस. ते उतरले, तू वारी धरलीस आणि सोडली नाहीस. लोणंदला माउलींची पालखी आली की डोक्यावर तुळस घेऊन निघायचीस. १९९९ च्या त्या कारगिलच्या सालात आबा कुपवाड्याकडे होते, आपल्या जिल्ह्यात तिरंग्यात गुंडाळलेली माणसं येत होती, आणि तू घरातला टीव्ही बंद करून वारीला गेलीस. आषाढी एकादशी झाली आणि दोन-तीन दिवसांत लढाई संपल्याची बातमी आली. तू त्याला पांडुरंगाची करणी म्हणतेस. आबा म्हणतात तोफखान्याची. तो वाद तुम्ही दोघं बसून मिटवा.

आबांची भक्ती उशिरा आली. पलटणीत दर आठवड्याला मंदिर परेड, पंडितजी आरती म्हणणार, हे सावधानमध्ये उभे. देवालाही युनिफॉर्ममध्येच भेटायचं, असा तो प्रकार. रिटायर झाल्यावर तुझ्याबरोबर चालायला लागले आणि तिसऱ्या वर्षी माळ घालून आले. त्या दिवशी कँटीनचा रमचा कोटा बंद झाला आणि गावातले चार जण जे आशेने ओसरीवर आले, ते आबांनी ज्या शब्दांत परत पाठवले ते शब्द माळकऱ्याचे नव्हते.

तर आबा, जन्मभर आईने तुमची वाट पाहिली. आता पुन्हा नऊ दिवस फोन हातात घेऊन तिने घरात बसायचं, हे मला मान्य नाही. तुम्ही बुलेटवर जा. आई पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जालंधर छावणीला उतरेल. सुट्टी संपली की ज्या गाडीत तुम्हाला बसवून ती परत फिरायची, त्याच गाडीत आता ती बसेल. तिकिटं साठ दिवस आधी सुटतात, मी लक्ष ठेवून आहे. बरोबर मावशी येतेय, मी विचारलंय. जालंधरपासून ब्यास, मेहता चौक करत घुमान सत्तरेक किलोमीटर. तेवढं आई तुमच्या मागे बसेल, मावशी काकांच्या मुलाच्या गाडीतून येईल. आई, लाजू नकोस. नऊवारीत दोन्हीकडे पाय टाकून बसता येतं, तू मळ्यात जाताना बसायचीस, मी पाहिलंय. परतीला मात्र तिघंही रेल्वेने आणि बुलेट पार्सल डब्यातून. आबा इथे नाक मुरडतील. मुरडू देत.

माझ्या अटी थोड्या आहेत. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू याच महिन्यात काढून घ्यायचा; माजी सैनिकांच्या उपचारांचं ते ईसीएचएसचं कार्ड कपाटात ठेवायला दिलेलं नाही. फेब्रुवारीपर्यंत डोळा स्थिरावेल. तरीही दिवस मावळल्यावर गाडी चालवायची नाही. लायसन्सची पाच वर्षं संपत आलीत, त्याला डॉक्टरांचा १-अ नमुना लागतो, तो त्याच फेरीत भरून घ्या, आणि गाडीचं आरसीही एकदा काढून बघा. बीपीची गोळी सकाळी चहाच्या आधी. रोज संध्याकाळी सहाला ओके रिपोर्ट, आधी आईला, मग मला. रिपोर्ट चुकला तर मी त्या-त्या छावणीच्या गेटवर फोन करीन आणि सगळ्यांसमोर तुमची शोभा होईल.

आईचं हेल्मेट मी घेऊन ठेवलंय. अंबाड्यावर बसेल असं मिळायला चार दुकानं हिंडले. धुळ्याला मी भाकरी, ठेचा आणि ते हेल्मेट घेऊन बायपासवर उभी राहीन. घुमानपर्यंत ते तुम्हीच वाहून न्या.

दादाला हे पत्र वाचून दाखवलं. त्याचं मत बदललेलं नाही. पण धुळ्याला कुठल्या तारखेला पोचणार, हे त्याने दोनदा विचारलं.

तुमची,
धाकटी

ता. क. आबा, किक मारून मारून गुडघा सुजतो हे आईने मला सांगितलंय. तिच्यावर ओरडू नका.