पऱ्हाटीच्या दहा फांद्या राखून ठेव

फ्रायबुर्ग, जर्मनी
७ डिसेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

माय, कशी शे? गुडघ्याला तेल लावतेस ना रोज? आम्ही सगळे ठीक आहोत. थंडी पडली आहे आणि चार-साडेचारलाच अंधारून येतं.

परवा इथल्या फुलांच्या दुकानात शिरले आणि जागीच थबकले. काचेच्या उंच बरणीत पऱ्हाटी, आपली कपाशी! वाळलेली, पानं झडलेली, एकेका काडीला पाच-सहा फुटलेली बोंडं. एका फांदीला साडेचार युरो. हात लावून पाहिला. बोंडाचं टरफल तसंच टोकदार, वेचणीला गेल्यावर नखाच्या कडेला रुतायचं ते. आमच्याकडे हिच्यावर आंघोळीचं पाणी तापतं, असं दुकानातल्या बाईंना सांगितलं, तर त्यांना खरंच वाटेना. एक फांदी घेऊन आले. रात्री दिव्याखाली ठेवली आणि बराच वेळ बघत बसले. आपल्या रानात इतकी वर्षं राबले, पण फांदी अशी निवांत कधी पाहिलीच नव्हती.

लहान्याच्या लग्नाला दाराला आणि ओट्याला प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा लावायचं ठरतंय, असं तू मागच्या आठवड्यात म्हणालीस. तेव्हा मी गप्प राहिले, पण मनातून ते जात नाही. आई, नको त्या माळा. मांडवाला आंबा-जांभळाचे डहाळे आपण आणणारच आहोत, मग त्याच्याच शेजारी प्लॅस्टिक कशाला?

आता काय करायचं ते सांगते. शेवटची वेचणी झाली की बाबा पऱ्हाटी उपटतील. त्याआधी त्यातल्या दहा फांद्या निवडून ठेव, दोन-अडीच हात लांबीच्या. त्यांच्यावरचा कापूस वेचायचा नाही. उरलेली वाळकी पानं हातानं खुडून टाक आणि फांद्या तीन-चार दिवस कडक उन्हात ठेव. बोंड न् बोंड बघून घे. चांगलं फुललेलं तेवढंच ठेवायचं, कवडी झालेलं, म्हणजे किडून अर्धवटच उघडलेलं, तोडून सरळ चुलीत टाकायचं. गुलाबी बोंडअळी त्यातच दडून बसते, ती घरात नको आणि पुढच्या पिकालाही नको. बाकीची पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, असं बाबांनाही सांग. लग्न आटोपलं की या दहा फांद्याही जाळून टाकायच्या. फांद्या उभ्या करायला माळ्यावरची पितळी कळशी काढ, तळाला वाळू घाल, म्हणजे कलंडणार नाही. कापूसच तो, तेव्हा समई आणि निरांजनापासून चांगली लांब ठेव.

दादर ज्वारीची कणसंही हवीत. दाणा भरला की पूर्ण वाळायच्या आत हातभर ताटासकट कापायची. उभ्यानं वाळू दिली तर हात लागला की दाणे गळतात. पंधरा-वीस कणसांची जुडी सुतळीनं बांधून सावलीत उलटी टांगायची, म्हणजे ताट सरळ राहतं. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन जुड्या पुरेत. लग्न झालं की ओट्यावर टांगून द्यायच्या, चिमण्या येतील. आंब्याच्या पानांचं तोरण मात्र आदल्या संध्याकाळीच कर, आधी केलं तर पानं वळतात. पानं ओवायला केळीचं सोपट पाण्यात भिजवून त्याच्या पट्ट्या काढ. आजी तशाच पट्ट्यांनी गजरे बांधायची, आठवतं?

इथं शेजारी एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. नाताळाच्या आधीच्या चार रविवारी त्या सदाहरित फांद्यांच्या कड्यावर एकेक मेणबत्ती वाढवत लावतात. ही चाल हांबुर्गच्या योहान हिनरिश विखर्न यांनी १८३९ मध्ये सुरू केली. अनाथ मुलांना नाताळ किती दिवसांवर आला ते कळावं, म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या. आजींनी मला आणि चिनूला हे कडं बांधायला शिकवलं. त्यात खोचायला आम्ही जंगलातून स्प्रूस नावाच्या सूचीपर्णी झाडाची बोंडं गोळा करून आणली (इथल्या भाषेत त्यांना निराळं नाव आहे, पण चिनू बोंडंच म्हणते). पावसात भिजून ती घट्ट मिटली होती. रात्री हीटरवर ठेवली आणि सकाळी बघते तर खवला न् खवला उघडलेला. ओल लागली की मिटतं, कोरडं झालं की उघडतं. चिनूनं दिवसभर त्यांना पाण्यात घालून आणि परत वाळवून घर डोक्यावर घेतलं. आपल्या पऱ्हाटीची कैरी, म्हणजे हिरवं बोंडही असंच उन्हानं वाळून उकलतं आणि कापूस बाहेर येतो, हे तिला सांगितलं, तर आता तिला तुझ्याकडे येऊन ते बघायचंय.

इकडे काही पाठवू नकोस. बिया आणि झाडपाल्याला इथं आणताना सरकारी प्रमाणपत्र लागतं, पार्सल अडकून पडेल. आम्ही लग्नाच्या आठ दिवस आधी येतोय. दारापुढचं सारवण आणि गेरूचा पट्टा माझ्यासाठी ठेव, कोणाला करू देऊ नकोस. पांढऱ्या मातीचा हात तुझा चांगला चालतो, तो तूच फिरव.

बाबांना नमस्कार, लहान्याला आशीर्वाद. विहिरीजवळच्या ओळींतली पऱ्हाटी उंच आहे, फांद्या तिथल्याच घे.

तुझी,
मोठी