एफडी मोडू नका, बाबा

टारनीट, मेलबर्न
मंगळवार, 4 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाडव्याच्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात, "वीस लाखांची एफडी मोडतो आणि पाठवून देतो, तेवढंच तुझं ओझं हलकं." मी "बघू" म्हटलं आणि फोन आईकडे द्यायला लावला. चाळीस वर्षं हळदीच्या अडतीवर दिवाणजी राहिलेल्या माणसाशी तोंडी हिशेब करू नये, एवढं मला कळतं. म्हणून हे पत्र. दादाला फोटो पाठवते, तो मोठ्या अक्षरात छापून देईल.

आज इथे सुट्टी आहे. कशाची, तर घोड्यांच्या शर्यतीची! दर नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप असतो आणि तेवढ्यासाठी अख्ख्या शहराला सुट्टी. सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये काम केलं की जादा दराने पैसे मिळतात, म्हणून गेली चार वर्षं कपच्या दिवशी मी ड्यूटीच घेतली होती. यंदा नाही घेतली. ओवी झोपलीय, अमेय लॉन कापतोय आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुमच्यासारखा रोजमेळ मांडून बसलेय.

आधी तुमच्याच भाषेत विचारते. वीस लाखांवर तुम्हाला सध्या 7.1 टक्के मिळतात. दिवसाला झाले 389 रुपये. तेच वीस लाख मी इथे कर्जात भरले तर माझं व्याज वाचेल 5.44 टक्क्यांनी. दिवसाला 298 रुपये. म्हणजे तुम्ही रोज 389 सोडायचे, कशासाठी, तर माझे 298 वाचावेत म्हणून. मधले 91 रुपये गेले कुठे? शिवाय मुदतीआधी मोडली म्हणून बँक कापेल ते वेगळंच. असा व्यवहार तुमच्या पेढीवर कुणी आणला असता तर तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवला असता.

अमेय म्हणतो, रुपया डॉलरपुढे घसरत असतो, त्यामुळे तिथले सात टक्के म्हणजे इथले सात टक्के नव्हेत. बरोबर आहे त्याचं. पण तुमची बीपीची गोळी आणि आईचं औषध रुपयातच येतं ना? मग घसरू दे तो कुठे घसरायचा ते.

तुमच्या मनात घर करून बसलंय ते 1988 चं कर्ज, हे मला माहीत आहे. पतपेढीचा 16 टक्के दर, आईच्या पाटल्या गहाण, आणि त्या सुटेपर्यंत सहा वर्षं घरात नवा पंखासुद्धा नाही. तुम्ही ते मुदतीआधी फेडलंत, आणि त्या दरात तेच शहाणपणाचं होतं. 16 टक्क्यांचं कर्ज म्हणजे घरात शिरलेलं पुराचं पाणी, आधी उपसायचं, बाकी सगळं नंतर. माझं तसं नाही. म्हणजे, मलाही बरेच दिवस ते तसंच वाटत होतं. त्याबद्दल पुढे सांगते, जरा अवघड आहे ते.

इथली पद्धत अशी की कर्ज तीस वर्षांचं असलं तरी दर फार तर एक ते पाच वर्षांसाठी बांधून मिळतो. आम्ही जून 2021 मध्ये उरलेले साडेचार लाख डॉलर 2.19 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी बांधले. महिन्याचा हप्ता 1,790. फार स्वस्ताई होती, आणि स्वस्ताईची सवय लागायला तीन वर्षं पुरतात. मे 2022 ते नोव्हेंबर 2023 या काळात इथल्या रिझर्व्ह बँकेने तेरा वेळा दर वाढवला. 0.10 चा 4.35 झाला. आमचा दर बांधलेला होता, म्हणून आम्ही गच्चीवरून पूर बघावा तसे बघत होतो. शेजारच्या घरासमोर विक्रीची पाटी लागली तेव्हा मात्र पोटात गोळा आला. जून 2024 मध्ये आमची मुदत संपली आणि दर आला 6.19. मुद्दल 4,14,000 आणि हप्ता 2,715. एका महिन्यात सव्वानऊशे डॉलरनी वर.

त्या तीन वर्षांत मी काय काय केलं, ते तुम्हाला कौतुकाने सांगायचे. डबा, डबा आणि डबा. बाहेर कॉफी नाही. ओवीचा पोहण्याचा क्लास बंद, कारण आठवड्याला पंचवीस डॉलर. अमेयचं क्रिकेट बंद, कारण क्लबची फी. रात्रपाळ्या माझ्या, शनिवारच्या पाळ्याही माझ्या. असे 25,000 डॉलर साठले आणि मुदत संपताच मी ते एका फटक्यात मुद्दलात भरले. तुम्हाला फोन केला, तुम्ही पेढे आणलेत. आठवतं?

त्यानंतर अकराव्या दिवशी दादाचा फोन आला, की आजी काही खात नाही, तुझं नाव घेते.

बाबा, तेव्हा मी तुम्हाला सांगितलं की रजा मिळत नाही. ते खोटं होतं. रजा त्याच दिवशी मिळाली होती. तिकीट 2,400 डॉलर दाखवत होतं, शाळांच्या सुट्ट्या होत्या म्हणून. आठ दिवस थांबलं तर 1,500 ला मिळेल असं दिसत होतं, आणि खात्यात तर काहीच उरलेलं नव्हतं, सगळं मी कर्जात ओतून बसले होते. बँकेकडून जादा भरलेले पैसे परत मागता आले असते. चार बटणं दाबायची होती. पण भरलेलं परत काढायचं म्हणजे हरलो, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. नऊशे डॉलरसाठी मी आठ दिवस थांबले. आजी सहाव्या दिवशी गेली. मी पोचले ती त्यानंतर, आणि "ऑफिसवाल्यांना काळीज नसतं" म्हणत तुम्हीच माझ्या पाठीवरून हात फिरवत होता.

यावर मला फोनवर काही म्हणू नका, आई. लिहून झालं, तेवढंच पुरे.

तिकडून आल्यावर पहिलं काम केलं ते खातं बदलायचं. इथे ऑफसेट खातं म्हणून एक प्रकार आहे, तुम्हाला तो फार आवडेल. समजा पेढीवर एका शेतकऱ्याच्या नावे एक लाखाची उधारी आहे, आणि त्याच शेतकऱ्याचे तीस हजार तुमच्याकडेच जमा आहेत. मालक व्याज लावणार सत्तर हजारांवर, बरोबर? तसंच हे. कर्ज एका खात्यावर आणि आपली शिल्लक शेजारच्या खात्यावर, व्याज फक्त मधल्या फरकावर. रोजच्या रोज मोजतात, तुमच्या कटमितीसारखं. जमा रकमेवर व्याज मिळत नाही, पण मिळालं असतं तर त्यावर कर भरावा लागला असता. वाचलेल्या व्याजावर कर नाही. आणि मुख्य म्हणजे पैसे आपलेच राहतात. कार्ड घासलं की निघतात, कुणाला विचारायला नको.

आज मुद्दल 3,71,000 आहे आणि ऑफसेटमध्ये 38,000. म्हणजे व्याज 3,33,000 वर, दिवसाला 49 डॉलर 63 सेंट. ते 38,000 नसते तर 55 च्या वर गेलं असतं. फरक साधारण एका कॉफीचा. तीन वर्षं जी कॉफी प्यायली नाही ती आता रोज मिळते असं समजा (पीत मात्र अजून नाही, सवय गेली).

तुम्ही मला कृष्णेत पोहायला शिकवत होतात तेव्हा पाठीला भोपळा बांधला होता. मी म्हणायची, याने वेग येत नाही, काढा. तुम्ही म्हणालात, भोपळा वेगासाठी नसतो. हे खातं उघडलं त्या दिवशी मला घाटच आठवला. मी अर्धवट शिकले आणि सोडून दिलं, ते वेगळं.

हप्त्याचं म्हणाल तर तो आम्ही जोरातच भरतो, काळजी नको. इथे पगार पंधरवड्याने होतो. मग महिन्याच्या हप्त्याचा निम्मा, 1,360, दर पंधरवड्याला जातो. वर्षात पंधरवडे सव्वीस, म्हणजे बाराऐवजी तेरा हप्ते जातात आणि खिशाला ते कळतही नाही. नुसत्या एवढ्याने पंचवीस वर्षांतली चार कमी होतात. यंदा फेब्रुवारी, मे आणि ऑगस्टमध्ये दर उतरले, तरी आम्ही हप्ता तोच ठेवला. बँकेच्या कागदावर कर्ज 2049 ला संपतं, मी 65 ची असेन तेव्हा. या चालीने 2039 च्या आसपास मिटेल. तुमचे वीस लाख घातले तर आणखी थोडं आधी मिटेल. पण त्या थोड्यासाठी तुम्ही तिकडे उघड्यावर बसायचं, हे मला पटत नाही. आणि ते पैसे तासगावच्या जमिनीचे आहेत. दादाला विचारलंत का? तो काही बोलणार नाही, म्हणून तर आधी विचारायचं.

आता जे बंद केलं होतं त्यातलं काय चालू केलं, ते सांगते. ओवीचा पोहण्याचा क्लास पुन्हा सुरू झाला. इथे चहूकडे समुद्र, मुलाला पोहता आलंच पाहिजे, हा खर्च मी कधी चैनीत धरला हेच मला समजत नाही. अमेय शनिवारी क्रिकेट खेळतो, दोन मॅचमध्ये मिळून नऊ धावा. आणि मी जुलैपासून पंधरवड्यातला एक शुक्रवार कमी केला. पगार तेवढा कमी येतो, ऑफसेट हळू भरतं. त्या शुक्रवारी सकाळी मी त्याच तलावावर मोठ्यांच्या वर्गात जाते. एकेचाळीस वर्षांची मी, शेजारी सत्तर वर्षांच्या एक व्हिएतनामी आजी, दोघी फळी धरून पाय मारत असतो. ओवी म्हणते, "आई, तू पाण्याला मारतेस का पोहतेस?"

अमेयला शुक्रवारचं फारसं पटलेलं नाही, हेही लिहून ठेवते. तो तुमच्या पार्टीतला. कर्ज आधी, बाकी मागून. आमचं यावरून एकदा चांगलंच वाजलं. शेवटी ठरलं ते असं: हप्त्याला हात लावायचा नाही, ऑफसेट सहा महिन्यांच्या खर्चाखाली जाऊ द्यायचं नाही, आणि त्याच्या वर जे उरेल त्यावर वाद घालायचा. घालतो.

आता मुद्द्याचं. रागावू नका. आईने मला मागच्या आठवड्यात सांगितलं, तुम्ही देवळात गेला होतात तेव्हा. मिरजेच्या डॉक्टरांनी तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली होती, आणि ती तुम्ही दोघांनी पुढे ढकललीत. कारण विचारलं तर म्हणाली, "बघू की, एफडीचं काय ठरतंय ते." म्हणजे माझ्या 5.44 टक्क्यांसाठी ती जिना बसून उतरते! बाबा, हे तर मी केलं त्याच्याही वरताण झालं.

तेव्हा एफडी मोडायचीच असेल तर त्यातली एकच मोडा, आणि ती आईच्या गुडघ्यासाठी. बाकीच्या तीन आहेत त्या बँकांत तशाच राहू द्या. एका बँकेत पाचच लाख ठेवायचे ही तुमची शिस्त योग्यच आहे, विमा तेवढ्यालाच असतो. व्याज महिन्याच्या महिन्याला घ्या आणि कामाला बाई लावा. आई नको म्हणेल. तिचं ऐकू नका.

(मध्ये उठले होते. अडीच वाजता रिझर्व्ह बँकेने दर जाहीर केला, 3.60 वरच ठेवलाय, म्हणजे वरचे सगळे आकडे तसेच राहिले, पुन्हा लिहायला नकोत. तीन वाजता शर्यत झाली. जिंकलेल्या घोड्यावर बाई जॉकी होती. बाईने हा कप जिंकायची ही दुसरी वेळ, पहिली 2015 ला. ओवी सोफ्यावर उभी राहून ओरडत होती. आम्ही पैसे लावले नव्हते, तुमची शपथ.)

डॉक्टरांकडून 5 जानेवारीच्या आठवड्यातली तारीख घ्या. मी आणि ओवी 3 तारखेला मुंबईला उतरतो आणि रात्रीच्या महालक्ष्मीने सांगलीला येतो. तिकिटं काल रात्री काढली. सुट्ट्यांचे दिवस, दोघींचे मिळून 3,800 डॉलर झाले. स्वस्त होण्याची वाट पाहिली नाही. पैसे एकदोन दिवसांत ऑफसेटमधून जातील आणि व्याज दिवसाला 57 सेंटने वाढेल. तुमच्या वहीत लिहून ठेवा.

आईला वेगळं लिहीत नाही, तिच्याशी रोज बोलतेच. दादा-वहिनींना नमस्कार, चिंटूला गोड पापा.

तुमची,
सुजाता

ता. क. माळ्यावर तो भोपळा अजून आहे का? ओवीला खोटं वाटतंय.