मंत्रीसाहेब, बाँडचं वर्ष रिसर्च शिकायला द्या की

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

साहेब, मी लातूरकडं प्रॅक्टिस करणारा न्यूरॉलॉजिस्ट. मागणी आहे ती बाँडच्या, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षाबद्दल. ओपीडी उरकता उरकता रात्रीचे नऊ वाजतात, हे पत्र त्यानंतर मोबाईलवर टाइप करतोय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आधी एक पेशंट सांगतो. मी रेसिडेंट होतो तेव्हाची गोष्ट. तिशीतल्या एक बाई स्ट्रोक म्हणून ॲडमिट झाल्या, डोकं ठणकतंय, उलट्या, एका बाजूचं दिसेना. अंगानं बारीक, उंची कमी, शुगर होती आणि कानानं कमी ऐकू यायचं. शेजारी स्टुलावर त्यांची आई. मी काही विचारलं की बाई मलाच दोनदा "काय?" म्हणायच्या आणि मग तेच ओरडून आईला सांगायच्या, कारण आईलाही ऐकू यायचं नाही, आणि आईलाही शुगर. मी केसपेपरवर 'आई डायबेटिक' एवढं खरडलं आणि पुढच्या बेडकडं गेलो. डायग्नोसिस स्टुलावर बसलं होतं हो, आणि मी त्याला रात्री वॉर्डात कोण थांबणार ते विचारत होतो!

काही महिन्यांनी दुसरा झटका आला तेव्हा सरांना मेलासची शंका आली, म्हणजे पेशीतल्या माइटोकॉन्ड्रियाचा, आईकडून येणारा आजार. मांडीची बायोप्सी केली तर तुकडा कुणीतरी सवयीनं फॉर्मॅलिनमध्ये टाकला. तो लगेच गोठवायचा असतो, फॉर्मॅलिनमध्ये गेला की एन्झाइमचे स्टेन, म्हणजे रंग देऊन करायच्या तपासण्या, होत नाहीत. पुन्हा कापून घ्यायला बाई तयार झाल्या नाहीत, का व्हावं त्यांनी?

आता माहितीये की मेलासच्या नेहमीच्या म्युटेशनसाठी, म्हणजे डीएनएतल्या बिघाडासाठी, साधी लघवी तपासली तरी चालतं, रक्तापेक्षा तीच बरी, कारण रक्तातलं म्युटेशनचं प्रमाण वयाबरोबर घटत जातं. हे कसं कळलं? कुणीतरी तेच तेच पेशंट वर्षानुवर्षं बोलावले, नमुने घेतले, आकडे लिहून ठेवले म्हणून. यालाच क्लिनिकल रिसर्च म्हणतात साहेब, आणि आमच्याकडं हे हाताला धरून कुणी शिकवतच नाही.

थोडक्यात सांगतो. माइटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतलं वीजघर. त्याचा स्वतःचा डीएनए असतो, फक्त १६,५६९ अक्षरांचा, ३७ जीन्सचा, आणि तो येतो आईकडून. बिघडलेल्या डीएनएचं प्रमाण प्रत्येक अवयवात वेगळं, म्हणून एकाच घरात एकीला नुसती शुगर, दुसरीला बहिरेपणा, तिसरीला झटके. असे आजार साधारण पाच हजारांत एकाला, असं धरतात. आणि बिघडलेले जीन्स पेशीच्या मुख्य डीएनएतले असले तर आईबापांपैकी कुणाकडूनही आजार येतो, तो गुंता वेगळाच. पोल्ग नावाच्या जीनचा आजार असेल आणि फिट्ससाठी सवयीनं व्हॅल्प्रोएट दिलं तर लिव्हर बसतं, एवढं एक वाक्य जरी डॉक्टरच्या डोक्यात पक्कं असलं तरी पोरं वाचतात.

आता मूळ मुद्दा. या आजारात पेशंट कसा आहे हे मोजायला इंग्लंडमधल्या न्यूकॅसलवाल्यांनी केलेली एक स्केल जगभर वापरतात. बोलणं, गिळणं, हस्ताक्षर, चालणं, सगळ्याला मार्क. त्यात एक प्रश्न अन्न कापायचा आणि काटे-चमचे धरायचा. आमची पेशंट भाकरी मोडून खाते, तिला काय मार्क द्यायचे? माझ्या मते भाकरीचा तुकडा मोडणं हीच बोटांची खरी परीक्षा, पण माझ्या मताला कोण विचारतंय. प्रश्न बदलायचा तर तो तेच मोजतो हे सिद्ध करावं लागतं, दोन डॉक्टरांनी मोजलं तर मार्क जुळतात का ते बघावं लागतं. मी न्यूरॉलॉजीत डीएम, म्हणजे सुपरस्पेशालिटी, झालो तरी हे मला येत नाही, प्रामाणिकपणे सांगतो.

आणि काय मोजायचं यावरच औषध पास होतं की नापास ते ठरतं. बार्थ सिंड्रोम हाही माइटोकॉन्ड्रियाचाच आजार, त्यावरच्या इलामिप्रेटाइड या औषधाची मूळ ट्रायल फक्त १२ पेशंटवर झाली, आणि २०२५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूच्या ताकदीच्या जोरावर. १२ पेशंटमध्ये ट्रायल बसवायची ही कारागिरी आहे, ती व्हिडिओ बघून येत नाही. पीजीला सक्तीचा ऑनलाइन रिसर्च कोर्स आहे, चांगलाय, पण नाईट ड्युटीनंतर आमची पोरं तो दुप्पट स्पीडनं पळवतात, मीही पळवला असता.

अमेरिकेत माइटोकॉन्ड्रियल आजारांवर काम करणाऱ्या सेंटर्सचं एनएएमडीसी नावाचं जाळं आहे, ते तरुण डॉक्टरांसाठी याच विषयाची फेलोशिप चालवतं. आपल्याकडं काहीच नाही असंही नाही. मुंबईचं केईएम दुर्मिळ आजारांचं सेंटर ऑफ एक्सलन्स आहे, बंगळुरूचं मेंदूविकारांचं हॉस्पिटल निम्हान्स आणि हैदराबादची पेशी-जीन्सवर काम करणारी संस्था सीसीएमबी यांनी या आजारांवर मिळून काम केलंय. मराठवाड्यातून हैदराबाद तर जवळच.

तर मागणी एवढीच. सुपरस्पेशालिटीनंतरचं बाँडचं एक वर्ष दरवर्षी निदान चार-पाच जणांना या आजारांवरचा क्लिनिकल रिसर्च शिकायला द्या. सहा महिने अशा सेंटरमध्ये शिकू द्या, सहा महिने मराठवाडा-विदर्भातल्या सरकारी कॉलेजात क्लिनिक चालवू द्या, आठवड्यातले दोन दिवस ड्युटी न लावता. पगार तसाही देताच, नवीन बिल्डिंग लागत नाही, मशीन लागत नाही. लागला तर बायोप्सीसाठी लिक्विड नायट्रोजनचा एक कॅन.

त्या बाईंची मुलगी परवा ओपीडीत आली होती, कॉलेजात आहे, कानाला मशीन लागलंय. दर सहा महिन्यांनी बोलावतोय, वजन, शुगर, ऐकणं, चालणं सगळं वहीत लिहितोय, पण बरोबर लिहितोय का ते सांगणारं इथं कुणी नाही.

फाइल कुठल्या टेबलावर अडते तेवढं कळवा, ओपीडी बंद ठेवून मंत्रालयात येतो.

आपला,
लातूरकडचा एक न्यूरॉलॉजिस्ट