मागून उंच, पुढून तोकडी

सोलापूर

ती. आई-बाबांना,

शि. सा. नमस्कार.

फोनवर "जेवलास का, पाणी आलं का" यातच वेळ जातो आणि बाबांचा खरा प्रश्न राहून जातो, म्हणून लिहायला बसलो. पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही पहाटे. टाकी भरून घेतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर आहे. आता खरा प्रश्न: इंजिनिअरची नोकरी सोडलेला, वर डिझाइनची फी भरणारा हा पोरगा शिवणक्लासला कशाला जातो?

आई, तुला तर रागच आला असेल. कॉलरी पलटून, काज-बटण करून, नगावर मिळेल त्या पैशात तू आम्हाला शिकवलंस. मी मशीनजवळ आलो की "सुई मोडशील, अभ्यासाला बस." ताईला शिकवलंस, मला नाही. आता तेच पैसे देऊन शिकतोय. क्लासमध्ये पुरुष मी एकटाच. सुरुवातीला दोरा न ओवताच वहीच्या कागदावर, छापलेल्या रेघेवरून सुई चालवायची. पाय पायडलवर, नजर रेघेवर. सगळ्या बायका मान खाली घालून हसायच्या. एक मावशी म्हणाल्या, "काय करलालास बाळा, बायकोला साडीचा फॉल लावून देणार का?" मी हो म्हणालो. तेव्हापासून बरं चाललंय.

हे सगळं एका पँटपायी. मागच्या गल्लीत राहणारा एक मुलगा सातवीत आहे, चाकाच्या खुर्चीवर असतो. जन्मतःच पाठीच्या कण्यात दोष, कमरेखाली जाणीव नाही. त्याच्या आईला मी एकदा त्याला गणवेश घालताना पाहिलं. पलंगावर आडवा करून, या कुशीवरून त्या कुशीवर वळवत. खुर्चीत बसवला की पँट मागून खाली घसरते, पुढे पोटावर तिचा गोळा होतो आणि पाय नडगीपर्यंत उघडे पडतात. दुकानातली प्रत्येक पँट उभ्या माणसाच्या मापाची असते, हे इतकी वर्षं गणवेशाच्या गावात राहून माझ्या लक्षात आलं नव्हतं. बसलेल्या माणसाला मागचं आसन उंच लागतं, पुढचं तोकडं आणि लांबी जास्त.

एवढ्यावर भागत नाही. मागचे खिसे काढावे लागतात. जाणीव नसल्यामुळे खिशाची जाड शिवण दिवसभर रुतली तरी त्याला कळत नाही. कळतं ते जखम झाल्यावर, आणि बसून झालेली जखम महिनोन् महिने भरत नाही. लघवीसाठी दर तीन-चार तासांनी नळी घालावी लागते, म्हणून चेन नेहमीपेक्षा बरीच खालपर्यंत हवी. त्याची आई मधल्या सुट्टीत शाळेत जाते ती त्यासाठीच. हे मला तिनेच सांगितलं, आधी जरा संकोचून, मग एकदम सगळं.

हा नमुना घेऊन मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखानदाराकडे गेलो होतो. माणूस चांगला, चहा पाजला. पण म्हणाला, कापडाचे थरावर थर लावून एकदम कटिंग होतं, एका पोरासाठी टेबल अडवलं तर धंदा बसेल. त्याचं चुकत नाही. सोलापूरचा गणवेश देशभर जातो तो हजारो नग एकसारखे निघतात म्हणून. आणि खुर्चीवरची दोन मुलं काही एकसारखी नसतात. एकाचा कणा वाकडा, दुसऱ्याचे पाय बारीक.

बाबा, तुमचं "कॉम्प्युटरचं शिक्षण" इथे कामाला येतं. पॅटर्न बनवायचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात पँटच्या रेषा आकड्यांनी नाही, मापांच्या नात्यांनी काढायच्या: बसल्यावर कंबर ते खुर्ची किती, मांडी किती, गुडघा ते घोटा किती. मग कुठल्याही मुलाची मापं भरा, रेषा आपोआप सरकतात आणि त्याच्या मापाचा पॅटर्न तयार. साध्या प्रिंटरवर पानं छापून चिकटवली की झालं. तुम्ही चादरीच्या जॅकार्डसाठी ग्राफवरून पत्ते पाडायचात. एका पत्त्यात एक भोक चुकलं की मोराच्या मानेतली ती खोट प्रत्येक चादरीत त्याच जागी उमटायची. फाइलचंही तसंच आहे. म्हणून शिवण्याआधी मी प्रत्येक पॅटर्न मांजरपाटावर कापून बघतो.

लेझर म्हणजे काय, हेही तुम्ही विचारलं होतंत. आमच्या लॅबमधल्या मशीनमध्ये काचेच्या नळीत तयार झालेला झोत आरशांवरून फिरवून भिंगातून एका बिंदूवर आणतात. तिथे लाकूड जळून कापलं जातं आणि कॉम्प्युटर तो बिंदू रेषेवरून फिरवतो. पुठ्ठा, प्लायवूड, अॅक्रिलिक सुरेख कापतं. रेक्झिन घालायला मात्र सक्त मनाई, त्यातल्या पीव्हीसीमधून विषारी वायू निघतो. गणवेशाचं पॉलिस्टर मिसळलेलं कापड लेझरवर कापलं तर कडा वितळून चिकटतात, धागे सुटत नाहीत. वर्गातले बाकीचे यावर खूश होते. पण ती वितळलेली कड कडक होते, बोटाला टोचते. आमच्या पोराला टोचलं तरी कळणार नाही, म्हणजे तीच कड त्याच्यासाठी सगळ्यात वाईट. म्हणून लेझरवर मी फक्त पुठ्ठ्याचे फर्मे कापतो. कापड कात्रीनेच.

बटणांऐवजी लोहचुंबक लावावेत, अशी एक सूचना आली होती. दिसायला छान, लावायला सोपे. पण या मुलाच्या डोक्यात पाणी साठू नये म्हणून बारीक नळी बसवलेली आहे, आणि अशा काही नळ्यांची झडप डॉक्टर बाहेरून चुंबकानेच कमी-जास्त करतात. त्याची कुठल्या प्रकारची आहे हे कागद बघितल्याशिवाय कोण सांगणार? मी चुंबकाचा विषयच काढून टाकला. टिचबटणं लावली.

चेनला धरायला थ्रीडी प्रिंटरवर एक मोठी कडी बनवली होती, बोट आत जाईल अशी. त्या प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हातल्या गाडीच्या डिकीत ते टिकेल का सांगता येत नाही, आणि इस्त्रीखाली तर नाहीच. शेवटी नाडीचा फास करून चेनला ओवला. कोर्सच्या परीक्षकांना कडी आवडेल, पोराला नाडी आवडली. दोन्ही दाखवणार आहे.

बाबा, हे सगळं परदेशी खूळ आहे असं समजू नका. लेझर, थ्रीडी प्रिंटर अशी मशीनं वापरून वस्तू बनवायच्या कार्यशाळेला फॅब लॅब म्हणतात. तशी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या बाहेरची पहिली २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, विज्ञान आश्रमात सुरू झाली. कलबाग सरांनी १९८३ मध्ये काढलेली संस्था. गावातली पोरं तिथे हाताने काम करत शिकतात. नोकरीचं पुढे बघू. दादाला सांगा, तोवर माझ्या खात्यात गुपचूप पैसे टाकू नकोस, मला मेसेज येतो.

आता आई, तुझ्याकडे काम आहे. मागचं आसन वर उचललं की बाजूच्या शिवणीजवळ, मांडीच्या वरच्या अंगाला, झोल येतो. फाइलमध्ये तो दिसत नाही, कापडावर दिसतो. क्लासच्या मॅडम म्हणतात चूण घे. चूण घेतली तर तिथे कापडाचे तीन थर होतात, आणि ती जागा खुर्चीच्या हातापाशी येते, घासणार. मागच्या पट्ट्यात इलॅस्टिक घालून तो झोल आत ओढला तर? की बाजूची शिवणच पुढे सरकवू? तू लहानपणी माझ्या खाकी चड्डीला मागे काहीतरी केलं होतंस, बसलं तरी वर चढायची नाही. ते काय होतं? शब्दांत सांगता येत नसेल तर कागदावर काढ आणि दादाकडून फोटो पाठव. मापं पाठीमागे लिहिली आहेत, इंचातच, तुला सेंटिमीटर आवडत नाहीत म्हणून.

आणि तुझी लोखंडी कात्री फडताळात सापडली. तिला धार लावून घेतली तर चालेल ना? विचारल्याशिवाय देत नाही.

बाबांचे डोळ्यांचे थेंब वेळेवर घालत जा.

तुमचा
धाकटा