विषय: चालू किल्ली हातात असतानाही मोटारसायकलची दुसरी किल्ली चार महिन्यांत करून न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
विभागप्रमुख, ग्राहक सेवा,
मुख्य कार्यालय.

दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

महोदय,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवा क्रमांकावरून आलेल्या फोनवर बावीस मिनिटे बोलणे झाले. त्यानंतर आता फोन करायचा नाही, जे सांगायचे ते लेखी सांगायचे, असे ठरवून हे पत्र लिहीत आहे. याआधी अकरा वेळा फोन केले. प्रत्येक वेळी नवा तक्रार क्रमांक मिळाला, किल्ली मात्र मिळाली नाही.

मी पाटण तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. तुमची मोटारसायकल मी २०२२ साली कराडच्या तुमच्या अधिकृत विक्रेत्याकडून रोख पैसे मोजून घेतली. गाडीबरोबर दोन किल्ल्या आणि किल्लीचा क्रमांक ठोकलेली नखाएवढी धातूची पट्टी मिळाली होती. ती पट्टी मी त्याच दिवशी आरसी बुकाच्या पाकिटात ठेवली आणि आजही ती तिथेच आहे. २८ मे रोजी, जनावरांच्या घटसर्प आणि फऱ्या या रोगांवरच्या पावसाळ्यापूर्वीच्या लसीकरणात, एका वाडीवर बिथरलेला बैल आवरताना माझ्या खिशातली किल्ली पडली. गोठा दोनदा झाडला, बाहेरचा उकिरडा खोऱ्याने उपसला, तरी ती सापडली नाही. धाकटा भाऊ घरातली दुसरी किल्ली घेऊन येईपर्यंत लसीची शीतपेटी मी फणसाच्या सावलीत ठेवून बसून होतो. दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यात किल्ली गहाळ झाल्याची नोंद केली आणि २ जूनला तुमच्या विक्रेत्याकडे आरसी, आधार, पोलिसांची नोंद आणि ती धातूची पट्टी घेऊन हजर झालो. ग्राहकाने जे करायला हवे ते सगळे मी पाच दिवसांत केले होते.

त्यानंतर जे झाले ते असे. किल्लीचे एक हजार आठशे पन्नास रुपये आगाऊ भरून घेतले आणि तीन आठवडे सांगितले. ११ जुलैला किल्ली आली, पण ती टाकीच्या झाकणातही जाईना. पावतीवर माझ्या पट्टीवरच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले होते. ही चूक काउंटरवरच्या माणसाची असूनही दुसऱ्या किल्लीचे पैसे माझ्याकडूनच पुन्हा भरून घेतले. २९ ऑगस्टला दुसरी किल्ली आली. ती टाकीला लागली, सीटला लागली, हँडल लॉकही सुटले, पण इंजिन सुरू झाले नाही, कारण तिच्यातली चिप गाडीत नोंदवलेली नव्हती. नोंदणीचे यंत्र कराडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहे, पण ते चालवणारा माणूस पुण्याहून बुधवारी येतो, असे सांगण्यात आले. मी चार बुधवार गेलो. एकदा तो आला नव्हता, एकदा यंत्राचा परवाना संपला होता, एकदा तो येऊन दुपारीच गेला होता. चौथ्या बुधवारी मात्र माझ्या हातात अंदाजपत्रक ठेवण्यात आले: नवा लॉकसेट (गाडीच्या सगळ्या कुलपांचा संच) आणि नवा ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक भाग), मजुरीसह एकवीस हजार चारशे रुपये.

हे अंदाजपत्रक कशासाठी, याचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. तुमची गाडी तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे, तरीही तुमच्याच पुस्तिकेत काय लिहिले आहे याची आठवण मला करून द्यावी लागते. किल्लीच्या डोक्यातल्या चिपमध्ये बॅटरी नसते. इग्निशनभोवतीच्या कड्यातून तिला ऊर्जा मिळते, ती आपला संकेत कळवते आणि ईसीयूने तो ओळखला तरच इंजिनाला परवानगी मिळते. एक नोंदवलेली किल्ली जवळ असेल तर तिच्या आधारे नवी किल्ली नोंदवता येते आणि अशा एकूण चार किल्ल्या एका गाडीत नोंदवता येतात, हे पुस्तिकेत स्पष्ट छापले आहे. सगळ्या किल्ल्या हरवल्या तर लॉकसेट आणि ईसीयू बदलावे लागतात, हेही त्याच पानावर आहे. माझ्या सगळ्या किल्ल्या हरवलेल्या नाहीत. माझ्याकडे चालू किल्ली आहे. मी तीच किल्ली लावून गाडी चालवत तुमच्या सर्व्हिस सेंटरच्या दारात चार वेळा आलो आहे.

आता कालच्या संभाषणाविषयी. ते मी सविस्तर लिहितो, कारण चार महिन्यांच्या हेलपाट्यांपेक्षा ते अधिक लागले. मी एका गोठ्याबाहेर हात धूत होतो, तेव्हा तुमच्या कार्यालयातून फोन आला. मी पहिल्यापासून सगळी हकीकत सांगितली. पलीकडच्या तरुणाने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, गाडी स्टार्ट होते ना?” मी म्हटले, होते. “मग गाडी वापरात आहे, सर. ही तक्रार ब्रेकडाउनमध्ये बसत नाही.” मी पुन्हा सांगितले की गाडी बंद पडल्याची माझी तक्रारच नाही. उरलेली एकुलती एक किल्ली हरवण्याआधी दुसरी करून द्या, एवढीच माझी मागणी आहे. त्यावर तो म्हणाला, “ती हरवली की आम्हाला लगेच फोन करा. तेव्हा तुमची केस प्राधान्याने घेता येईल.” मी विचारले, ती हरवल्यावर तुमच्याच विक्रेत्याच्या हिशेबाने मला एकवीस हजार चारशे रुपये पडतील, ते कोण भरणार? “ते तेव्हा बघू, सर. आत्ता ही तक्रार बंद करू का?” मी स्वच्छ शब्दांत “नाही” म्हटले. त्याने मला थांबायला सांगितले, मी थांबलो, बराच वेळ वाद्यसंगीत ऐकले आणि फोन कटला. मोबाइल खिशात ठेवण्याआधीच संदेश आला की माझ्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे, आणि सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?

त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढच्या स्क्रीनवर जे रकाने असतील तेवढेच त्याला भरायचे होते. दोष ते रकाने आखणाऱ्यांचा आहे. शेवटची किल्ली हरवण्याची वाट पाहा, असे ज्या व्यवस्थेत ग्राहकाला सांगितले जाते आणि ती हरवल्यावर अकरा पटींहून अधिक रक्कम त्याच्याकडून वसूल होते, ती व्यवस्था ग्राहकाच्या नुकसानीवर उभी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकाच किल्लीवर दिवस काढणे म्हणजे काय, हे तुमच्या कार्यालयात कोणाला ठाऊक नसावे, म्हणून लिहितो. ती किल्ली मी सुतळीत ओवून गळ्यात घालतो. सप्टेंबरमध्ये रात्री अकरा वाजता डोंगरावरच्या एका वस्तीवरून निरोप आला की गाय अडली आहे. वासराचे पुढचे पाय मागे दुमडले होते. खांद्यापर्यंत हात घालून ते सरळ करायचे, तर गळ्यातली सुतळी मध्ये येत होती. ती काढून मी मालकिणीच्या हातात दिली आणि तिला दोनदा बजावले की काही झाले तरी ही मूठ सोडू नका. त्या बाई तासभर मूठ आवळून उभ्या होत्या. वासरू वाचले. पण त्या तासभरात माझे अर्धे लक्ष त्यांच्या मुठीकडे होते, आणि माझ्या कामात अर्धे लक्ष चालत नाही. शिवाय उद्या गाडी चोरीला गेलीच, तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी मूळ दोन्ही किल्ल्या मागते. तिथे मी पोलिसांची नोंद दाखवू शकेन. पण चार महिन्यांत दुसरी किल्ली का केली नाही, असे विचारले तर काय सांगू?

जूनमध्येच मी कराडच्या एसटी स्टँडजवळच्या एका चावीवाल्याकडेही गेलो होतो. त्याने माझी किल्ली आणि कोरी किल्ली मशीनमध्ये शेजारी शेजारी आवळली, पितळेचा कीस फुंकून उडवला, कडा कानशीने हलक्या हाताने घासल्या आणि टाकीच्या झाकणात घालून दोनदा फिरवून पाहिली. दहा मिनिटे लागली आणि दीडशे रुपये झाले. पैसे घेण्याआधी तो म्हणाला, “साहेब, टाकी उघडेल, सीट उघडेल, पण गाडी चालू होणार नाही. आत चिप आहे, ती कंपनीच टाकून देते.” आपल्याला काय जमते आणि काय जमत नाही, हे त्या माणसाने आधी सांगितले. तुमच्या अधिकृत विक्रेत्याने चार महिने आणि दोन किल्ल्यांचे पैसे घेऊनही ते सांगितलेले नाही.

माझ्या वडिलांकडे १९९६ पासून तुमचीच मोटारसायकल होती. तिची किल्ली झिजून इतकी गुळगुळीत झाली होती की चालत्या गाडीतून उपसून यायची, पण नवी किल्ली बाजाराच्या दिवशी कोणीही करून द्यायचा. चोरी रोखण्यासाठी चिप आली, हे मला मान्य आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या क्षणी किल्ली करण्याचे काम तुम्ही बाजारातून काढून फक्त स्वतःच्या हातात घेतले, त्या क्षणी ते वेळेत आणि वाजवी दरात करून देण्याची जबाबदारीही तुमच्यावर आली. वडिलांच्या विश्वासावर मी दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या दुकानात पाऊलही न टाकता ही गाडी घेतली होती. धाकट्या भावाला गाडी घ्यायची आहे. त्याने माझा सल्ला विचारला आणि मी पहिल्यांदाच तुमचे नाव घेतले नाही. याचे मला मनापासून वाईट वाटले.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(११) खाली ही सेवेतील त्रुटी आहे. किल्लीच्या नोंदणीसाठी लॉकसेट आणि ईसीयू विकत घेण्याची अट घालणे ही कलम २(४१) मधील प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते, असा माझा दावा राहील. मी राहतो त्या सातारा जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करण्याची मला मुभा आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात शुल्कही लागत नाही. सुटे भाग आणि निदान-यंत्रे स्वतःच्या मुठीत ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड केला होता. ते प्रकरण चारचाकींचे होते, पण त्यातला प्रश्न हाच होता. मला ग्राहक आयोगात जाण्याची हौस नाही. सुनावणीच्या प्रत्येक तारखेला माझ्या विभागातली जनावरे माझ्याविना राहतील, याची मला जाणीव आहे. तरीही पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर मी जाईन.

माझी मागणी एवढीच आहे. माझ्याकडच्या चालू किल्लीच्या आधारे नवी किल्ली गाडीत नोंदवून द्यावी. चुकीच्या क्रमांकाने कापलेल्या पहिल्या किल्लीचे एक हजार आठशे पन्नास रुपये परत करावेत. लॉकसेट आणि ईसीयूचे अंदाजपत्रक कोणी व का दिले, याचा लेखी खुलासा करावा. काल बंद केलेली तक्रार पुन्हा उघडावी, कारण मी ती बंद करू दिलेली नव्हती.

दोन्ही पावत्या, पोलीस नोंदीची प्रत, अंदाजपत्रक आणि किल्लीच्या पट्टीचे छायाचित्र सोबत जोडले आहे. नोंदणीचे यंत्र आणि ते चालवणारा माणूस कराडला एकाच वेळी कोणत्या दिवशी असतील, ते कृपया चार दिवस आधी कळवावे, म्हणजे मला रजेचा अर्ज देता येईल. मी दोन्ही किल्ल्या घेऊन सकाळी दहा वाजता हजर राहीन.

आपला ग्राहक,
(सही)
पाटण, जि. सातारा