शून्यवादी म्हणजे खचलेला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत तरुणांच्या वैफल्यावर आलेला लेख कळकळीचा होता. पण त्यात ‘शून्यवादी’ (जगाला मुळात काही अर्थ वा हेतू नाही असे मानणारा) हा शब्द वारंवार आला, आणि दर वेळी हातपाय गाळून बसलेला माणूस, याच अर्थाने. ते मनाला लागले, म्हणून हे पत्र.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. एकदा ताऱ्यांचे आयुष्य शिकवताना फळ्यावर लिहिले, सूर्य अजून साधारण 5 अब्ज वर्षे. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘‘सर, सगळंच विझणार असेल तर आपण हे शिकतो कशाला?’’ मी म्हणालो, ‘‘त्याला अजून खूप वेळ आहे, पुढचं उतरवून घे.’’ ती मान खाली घालून लिहू लागली. त्या उत्तराची खंत आजही आहे.

नेमका हाच प्रश्न न टाळता धरून ठेवणारा तत्त्वज्ञ आज हयात आहे: रे ब्रासिए. जन्म 1965चा, ब्रिटिश. पदवी घेतली तीच तिशीच्या उंबरठ्यावर. 2001मध्ये वॉरिक विद्यापीठाची डॉक्टरेट. पुढे ते बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात शिकवू लागले. 2007मध्ये त्यांचे ‘निहिल अनबाउंड’ हे पुस्तक आले. त्याच वर्षी लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात चार तत्त्वज्ञांची ‘स्पेक्युलेटिव्ह रिअ‍ॅलिझम’ नावाची बैठक झाली आणि त्या नावावरून एक चळवळच उभी राहिली. ब्रासिए त्या चौघांपैकी एक. पण पुढे चळवळीचा गाजावाजा त्यांना पटला नाही आणि ते उघडपणे बाजूला झाले. मला हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

त्यांचे म्हणणे माझ्या कुवतीप्रमाणे सांगतो. पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांपूर्वी तयार झाली, तेव्हा ती पाहायला कोणी नव्हते. तरीही ती झाली, हे सत्य आहे. (हा मुद्दा मेयासू या फ्रेंच तत्त्वज्ञाचा, त्याचे पुस्तक इंग्रजीत ब्रासिए यांनीच आणले.) म्हणजे सत्य आपल्या असण्यावर अवलंबून नाही. विश्वाला आपली काळजी नाही आणि वैरही नाही. हे पचवायला जड आहे, पण ते आपल्याला कळले ते बुद्धीमुळे, विज्ञानामुळे. ब्रासिए त्याला संकट म्हणत नाहीत, विचाराला मिळालेली संधी म्हणतात. त्यांचा शून्यवाद वास्तववादाच्या पोटातून येतो, खचलेल्या मनातून नव्हे.

आपल्याकडे तर हा शब्द अधिक जपून वापरायला हवा. प्राचीन बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या मताला आपण शून्यवाद म्हणतो, आणि त्याने तर उच्छेदवाद (शेवटी सगळे पूर्ण नष्ट होते, काहीच उरत नाही हे मत) स्पष्ट नाकारला होता. दोन्ही विचार एक नाहीत, पण एकाच शब्दाखाली दोघांवरही निराशेचा शिक्का बसतो.

त्या लेखातल्या मुलांना झोप, नोकरी, आधार हवा आहे. त्यांच्या दुःखाला ‘वैफल्य’ म्हणा, ‘हताशा’ म्हणा. आणि ब्रासिए यांच्या विचारावर पुरवणीत जाणकाराकडून एक सविस्तर लेख लिहून घ्यावा, ही विनंती. दहावीच्या मुलालाही समजेल अशा मराठीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा