वारसाहक्काचा प्रवेश अजून शाबूत आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांच्या प्रवेशांत वंशाचा विचार करण्यास अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी मनाई केली. ‘अखेर गुणवत्ता जिंकली’ असे त्या निकालाचे कौतुक इथल्या मराठी घरांत आजही ऐकू येते. आशियाई मुलांना हार्वर्डमध्ये ‘व्यक्तिमत्त्वा’चे गुण सरासरीने कमी पडत असल्याचे त्याच खटल्यात दिसले होते, त्यामुळे आपल्या लोकांचा राग अगदीच अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. तरीही मुलीच्या प्रवेशाचे अर्ज भरून झाल्यावर ते कौतुक मला घाईचे वाटू लागले आहे.

शेकडो महाविद्यालयांना चालणारा जो सामाईक अर्ज ऑनलाइन भरतात, त्यात मुलांच्या शिक्षणाआधी कुटुंबाचे पान येते. आई-वडील कोणत्या महाविद्यालयात शिकले, पदवी कोणती, कोणत्या वर्षी मिळाली, असे रकाने त्यात आहेत. मी कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नाव टाकून पुढे सरकले. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशी मुले याच रकान्यांमुळे ओळखता येतात, हे मान्य. पण माजी विद्यार्थ्यांची मुलेही त्यातूनच कळतात आणि अनेक नामांकित खासगी विद्यापीठांत त्यांना झुकते माप मिळते.

ते माप किती झुकते, हे हार्वर्डच्या खटल्यात बाहेर आलेल्या आकडेवारीवरून अर्थतज्ज्ञांनी मांडले आहे. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची किंवा प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले, अथवा अधिष्ठात्यांच्या खास यादीतले होते, आणि देणगीदारांच्या मुलांची वर्णी त्या यादीत लागत असे. आशियाई, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांत हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आत होते. आपल्याकडच्या मॅनेजमेंट कोट्याला निदान कोटा म्हणतात तरी! माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची ही सवलत रुजली तीही १९२०च्या दशकात, ज्यू विद्यार्थ्यांची वाढती संख्या या विद्यापीठांना खुपू लागली तेव्हा.

‘अर्ली डिसिजन’चे गणितही पैशाचेच आहे. प्रवेश मिळाला तर बाकीचे सर्व अर्ज मागे घेऊ, अशा करारावर मुलगी, पालक आणि शाळेचे समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात. असा अर्ज करणाऱ्यांतून निवड होण्याचे प्रमाण बहुधा जास्त असते, पण ज्यांना चार ठिकाणची आर्थिक मदत ताडून पाहायची आहे, त्यांनी ती सही कशाच्या भरवशावर करावी? आम्ही केली नाही.

सुधारणा अशक्य आहे असेही नाही. एमआयटी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना सवलत देत नाही. जॉन्स हॉपकिन्स आणि ॲमहर्स्टने ती बंद केली. कॅलिफोर्नियाने राज्याच्या शिष्यवृत्तीचा पैसा घेणाऱ्या खासगी विद्यापीठांनाही ती मना करणारा कायदा २०२४ मध्ये केला आणि तो सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यावर स्टॅनफर्डने सवलत चालू ठेवायचे ठरवले आणि विद्यार्थ्यांसाठी राज्याकडून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीच्या पैशावर पाणी सोडून ती रक्कम स्वतःच्या तिजोरीतून भरण्याची तयारी दाखवली.

आपली,
एक वाचक पालक, एडिसन (न्यू जर्सी)